हवेचे चाक, भरीव चाक: रॉबर्ट थॉमसन

गेल्या सत्रात आंतर-हाउस वादविवाद स्पर्धेत आमच्या हाउसच्या वाट्याला जो विषय आला तो असा: बिनहवेचे टायर हवेच्या टायरची जागा घेतील. चिठ्ठी मीच उचलली होती. बाजू मिळाली समर्थनाची. म्हणजे पंक्चर हा प्रकार आता थोड्याच वर्षांचा सोबती आहे, असे मला सगळ्या शाळेसमोर सहा मिनिटे ठासून सांगायचे होते.

अडचण एवढीच, की आमचे घर पंक्चरवर चालते. माझे वडील आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये ड्रायव्हर होते. सतरा वर्षे नोकरी करून निवृत्त झाल्यावर त्यांनी कऱ्हाडजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गाच्या कडेला टायरचे दुकान टाकले. सुट्टीत घरी गेलो की मीही तिथेच असतो. ट्यूब पाण्याच्या टबात बुडवायची, दाबत दाबत फिरवायची आणि बुडबुडे कुठून येतात ते बाबांना दाखवायचे, हे लहानपणापासून माझे काम. शाळेत मी जे बूट घालून परेडला उभा राहतो, तेही त्या बुडबुड्यांतूनच आलेले आहेत.

तरी चिठ्ठी ती चिठ्ठी. मी ग्रंथालयात बसलो आणि मुद्दे काढू लागलो. हवेचा टायर कोणी शोधला, एवढे तरी सुरुवातीला सांगावे म्हणून पाहू लागलो. मला डनलॉप हे नाव पाठ होते. पण पुस्तकात डनलॉपच्या आधी, तेही चाळीसपेक्षा जास्त वर्षे आधी, दुसरेच नाव निघाले: रॉबर्ट विल्यम थॉमसन. पुढे वाचले तर आणखी एक गोष्ट कळली. ज्या माणसाने जगातला पहिला हवेचा टायर केला, त्यानेच पुढे हवा सोडून देऊन भरीव रबराचा टायर केला. माझ्या वादविवादाच्या दोन्ही बाजू त्या एकाच माणसाने आपल्या आयुष्यात मांडून झाल्या होत्या. त्या माणसाबद्दल इथे लिहितो.

थॉमसनचा जन्म २९ जून १८२२ रोजी स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील स्टोनहेवन या बंदराच्या गावी झाला. वडिलांची लोकरीची गिरणी होती. बारा भावंडांत तो अकरावा. घरच्यांची इच्छा होती की त्याने शिकून धर्मगुरू व्हावे. त्यासाठी लॅटिन यायला हवे आणि लॅटिन काही केल्या त्याच्या डोक्यात शिरेना. (आमच्या वर्गात गणिताच्या बाबतीत अशी परिस्थिती असलेले तीन जण आहेत. त्यांना हे मी मुद्दाम वाचून दाखवले.) चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि त्याला अमेरिकेत चार्ल्स्टन येथे मामा-काकांपैकी एका नातेवाइकाकडे व्यापार शिकायला पाठवले गेले. दोन वर्षांत तो परत आला. घरी राहून त्याने रसायन, वीज आणि खगोल यांचा अभ्यास स्वतःच सुरू केला. गणित शिकवायला गावातला एक विणकर होता.

वडिलांनी मग एक शहाणपणाचे काम केले. मुलाला त्यांनी एक छोटी कार्यशाळा काढून दिली. सतराव्या वर्षापर्यंत त्याने तिथे आईचे ओले कपडे पिळण्याचे यंत्र नव्या पद्धतीने बांधले. कपडे दोन्ही दिशांनी रुळांतून जावेत, दर वेळी फिरून पहिल्या बाजूला यावे लागू नये, ही सोय त्यात होती. एक पट्टीकरवतही त्याने केली आणि एका फिरत्या वाफेच्या इंजिनाचा नमुना उभा केला.

पुढे ॲबर्डीन आणि डंडी येथे कारखान्यांत उमेदवारी, मग ग्लासगो, मग एडिंबरो. एडिंबरोला असताना त्याने विजेच्या साहाय्याने सुरुंग उडवण्याची रीत बसवली. त्या काळी सुरुंगाची वात हाताने पेटवून पळावे लागे आणि त्यात बरीच माणसे मरत. तारेच्या दुसऱ्या टोकाला लांब उभे राहून स्फोट घडवता येणे याचा अर्थ आम्हा कॅडेटांना वेगळा सांगायला नको. त्यानंतर त्याने रॉबर्ट स्टीफन्सन यांच्याकडे रेल्वेचे काम केले आणि मग स्वतःचाच रेल्वे सल्लागाराचा व्यवसाय थाटला. हे सगळे वयाच्या तेविशीच्या आत.

आता मुख्य गोष्ट. १० डिसेंबर १८४५ रोजी थॉमसनने इंग्लंडमध्ये चाकांच्या सुधारणेचे पेटंट घेतले. त्याचा क्रमांक १०९९०. १८४६ मध्ये फ्रान्समध्ये आणि १८४७ मध्ये अमेरिकेतही त्याच शोधाचे पेटंट झाले.

त्या काळचे चाक म्हणजे लाकडी चाक आणि त्यावर चढवलेली लोखंडी धाव. आमच्या गावात अजून एकदोन बैलगाड्यांना तशी धाव आहे. खडीवरून ती गाडी गेली की दात वाजतात. थॉमसनने या लोखंडाच्या जागी हवा बसवायची ठरवली. रबर गंधकाबरोबर तापवले की ते उन्हात चिकट होत नाही आणि थंडीत कडक होत नाही, हा शोध जेमतेम पाच-सहा वर्षांपूर्वी अमेरिकेत चार्ल्स गुडइयर याला लागला होता आणि त्याचे पेटंट तर १८४४ चे. म्हणजे थॉमसनने वापरले ते साहित्य बाजारात नुकतेच आले होते. रबर लावलेल्या कॅनव्हासची पोकळ नळी त्याने केली, ती चाकाभोवती बसवली आणि वरून जाड चामड्याचे कवच बोल्टने पक्के केले. आत हवा भरली. ट्यूब आणि टायर, दोन्ही आले. नाव दिले एरियल व्हील, म्हणजे हवेचे चाक.

मार्च १८४७ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये घोड्याच्या बग्गीला ही चाके लावून सगळ्यांसमोर चालवून दाखवली. लोकांना आश्चर्य वाटले ते आवाजाचे. घोड्याच्या टापा ऐकू येत होत्या, चाके मात्र ऐकूच येत नव्हती. दुसरे आश्चर्य आकड्यांचे होते आणि वादविवादासाठी मी ते लिहून घेतले. पक्क्या सपाट रस्त्यावर तीच गाडी ओढायला साध्या चाकांनी ४५ पौंड ओढ लागत होती, हवेच्या चाकांनी २८. नव्याने टाकलेल्या फुटक्या गारगोट्यांवर साध्या चाकांनी १२०, हवेच्या चाकांनी साधारण साडेअडतीस. म्हणजे रस्ता जितका वाईट तितका हवेचा फायदा जास्त.

याचे कारण भौतिकशास्त्राच्या सरांनी मला फळ्यावर काढून दाखवले. लोखंडी धाव दगडावर आली की सगळी गाडीच वर उचलावी लागते आणि मग ती खाली आपटते. त्यात ओढणाऱ्याची शक्ती वाया जाते. हवेचे चाक दगडाला आपल्या अंगात सामावून घेते, गाडी जवळजवळ तिथल्या तिथेच राहते. आणि हवा दाबली गेली तरी दाब काढताच घेतलेली शक्ती जवळपास सगळी परत देते. तिथेच सरांनी आणखी एक हिशेब करायला लावला. हजार किलोची मोटार, चार चाके, म्हणजे एका चाकावर अडीचशे किलो. टायरमध्ये हवा तीस. तर टायरचा जमिनीला टेकलेला भाग भरतो साधारण १२० चौरस सेंटिमीटर, म्हणजे तळहाताएवढा. अख्खी मोटार चार तळहातांवर उभी असते आणि तिला उचलून धरणारी असते ती मुख्यतः आतली हवा. मी दुकानात हजारो वेळा हवा भरताना पाहिली आहे, पण हा विचार कधी मनात आला नव्हता.

थॉमसनची एक बग्गी त्याच चाकांच्या संचावर १२०० मैल धावली आणि चाकांना काही झाले नाही. इतके सगळे जमून आले होते, मग हे चाक जगभर का गेले नाही?

बहुतेक पुस्तकांत लिहिलेले असते की तो काळाच्या पुढे होता, बिचाऱ्याचे दुर्दैव. हे मला पटत नाही. काळाच्या पुढे म्हणजे नेमके काय, ते सांगायला हवे. ट्यूबसाठी लागणारे पातळ, एकसारखे रबर त्याला पुरेसे मिळेना आणि मिळे ते महाग. चामड्याचे कवच बोल्टने आवळलेले, त्यामुळे आतल्या नळीला काही झाले तर एकेक बोल्ट काढत बसायचे. दुरुस्ती करणारा कोणी नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे या चाकाची कोणाला निकड नव्हती. मोटार नव्हती. पायाने चालवायची सायकल रस्त्यावर यायला अजून बरीच वर्षे होती. घोडा ज्या वेगाने जातो त्या वेगाला लोखंडी धाव चालत होती, बसणाऱ्याची पाठ दुखली तरी. श्रीमंतांच्या आरामासाठी थोड्या बग्ग्यांना ती चाके लागली आणि विषय मिटला.

थॉमसनही तिथे अडून बसला नाही. १८४९ मध्ये त्याने आपोआप शाई भरली जाणाऱ्या पेनाचे पेटंट घेतले. १८५२ मध्ये तो एका यंत्रांच्या कंपनीतर्फे थेट जावा बेटावर गेला. तिथे डच लोकांचे उसाचे मळे आणि साखरेचे कारखाने होते. त्याने कारखान्यांची यंत्रे सुधारली. अवजड यंत्रे हलवायची सोय नव्हती म्हणून एका जागेवरून दुसरीकडे नेता येईल अशी वाफेची यारी तयार केली. दहा वर्षे तो तिथे होता. १८६२ मध्ये प्रकृती बिघडल्यामुळे तो पत्नी क्लारासह एडिंबरोला परतला.

इथून त्याच्या आयुष्यातला दुसरा टायर सुरू होतो. ऊस कारखान्यापर्यंत कसा आणायचा, हा प्रश्न कऱ्हाड-सांगलीच्या कोणालाही सांगायची गरज नाही. जावात तोच होता. रूळ सगळीकडे टाकता येत नाहीत, बैल पुरे पडत नाहीत. थॉमसनने ठरवले की साध्या रस्त्यावर चालणारे वाफेचे इंजिन करायचे, मागे डबे जोडायचे. असे इंजिन करण्याचे प्रयत्न इतरांनीही केले होते, पण सगळ्यांचे घोडे चाकाशी अडत होते. काही टनांचे इंजिन लोखंडी चाकांवर चालवले तर ते रस्ता उखडून टाकी, ओल्या चढावर जागीच घसरे आणि धक्क्यांनी त्याचे स्वतःचेच सांधे खिळखिळे होत. लोकही अशा यंत्रांना इतके वैतागले होते की १८६५ मध्ये ब्रिटनमध्ये कायदा झाला. गावाबाहेर ताशी ४ मैल, गावात २ मैल, आणि पुढे लाल निशाण घेऊन चालणारा माणूस हवाच.

आपण वाचताना वाटते की आता हा माणूस आपले जुने हवेचे चाक बाहेर काढणार. त्याने ते काढले नाही. त्याचे इंजिन काही टन वजनाचे होते. एवढ्या वजनाला पुरेल इतका दाब धरून ठेवणारी नळी त्या वेळी कोणाला करता येत नव्हती. वीस वर्षांपूर्वीच्या स्वतःच्या शोधावर त्याचे प्रेम असेलच, पण त्याने हिशेब पाहिला. १८६७ मध्ये त्याने पेटंट घेतले ते भरीव रबराच्या टायरचे. सुमारे ५ इंच जाड आणि सुमारे फूटभर रुंद अशी गंधकाने पक्क्या केलेल्या रबराची अख्खी कडी त्याने लोखंडी चाकावर चढवली. रबर कापले जाऊ नये म्हणून वरून पोलादी पट्ट्यांची साखळी. वजनाने रबर खाली थोडे चपटे होई, रस्त्याला मोठ्या जागेवर टेके आणि त्याला घट्ट धरून ठेवी.

ही इंजिने लीथ या बंदरात बांधली गेली. एडिंबरोच्या चढांवर मागे भरलेले डबे घेऊन ती चढली. मऊ गवतावरूनही गेली आणि जमिनीत चाकोरी पडली नाही. पाहता पाहता इंग्लंडमधल्या इतर कारखान्यांनी परवाने घेऊन तशी इंजिने बांधायला सुरुवात केली.

आता या गोष्टीत आपला देश येतो आणि सैन्यही. रायफल ब्रिगेडमध्ये क्रॉम्प्टन नावाचा एक तरुण लेफ्टनंट हिंदुस्थानात होता. सैन्याचे सामान बैलगाड्यांच्या तांड्यांनी किती हळू सरकते हे त्याने पाहिले होते आणि रस्त्यावरच्या वाफेच्या इंजिनांचे वेड त्याला शाळेपासून होते. व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या कारकिर्दीत त्याचा प्रस्ताव मान्य झाला. थॉमसनच्या पद्धतीची इंजिने हिंदुस्थान सरकारसाठी इप्स्विच येथील कारखान्यात तयार झाली आणि त्यांना पंजाबच्या नद्यांची नावे दिली गेली. त्यांतले चिनाब नावाचे इंजिन १८७१ मध्ये चाचणी म्हणून इप्स्विचहून एडिंबरोला रस्त्याने गेले आणि परत आले. रावी नावाच्या इंजिनाने ताशी २० मैलांपर्यंत वेग गाठला. नंतर ही इंजिने रावळपिंडीला आली आणि तिथल्या रस्त्यांवर माणसे व माल ओढू लागली. म्हणजे आपल्याकडे सैन्याच्या कामासाठी यंत्राने चालणारी गाडी रस्त्यावर आली तेव्हा तिचे टायर बिनहवेचे होते. पुढे रेल्वे वाढत गेली तसे हे काम मागे पडले. क्रॉम्प्टनने १८७५ मध्ये सैन्य सोडले आणि विजेच्या यंत्रांची कंपनी काढली. आपल्या कित्येक घरांत छताला जो क्रॉम्प्टनचा पंखा फिरतो, त्यावरचे नाव या लेफ्टनंटचे.

थॉमसनने मात्र यातले फार पाहिले नाही. ८ मार्च १८७३ रोजी एडिंबरोच्या आपल्या घरी तो वारला. वय पन्नास. शेवटचे पेटंट त्याच्या मृत्यूनंतर क्लाराने दाखल केले.

डनलॉपची गोष्ट सगळ्यांना माहीत असते, म्हणून थोडक्यात सांगतो. जॉन बॉइड डनलॉप हा बेलफास्टचा जनावरांचा डॉक्टर. मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी त्याने १८८७ मध्ये हवेचे टायर केले आणि १८८८ मध्ये पेटंट घेतले. थॉमसनचे नाव त्याने ऐकलेले नव्हते. पुढच्याच वर्षी त्या टायरवरच्या सायकलींनी शर्यती जिंकल्या आणि मागणीचा पूर आला. दोन वर्षांनी पेटंट कार्यालयाकडून कळले की हा शोध १८४५ मध्येच नोंदलेला आहे, सबब हे पेटंट टिकत नाही. तोवर टायर मात्र जगभर निघाला होता. या वेळी निकड होती, कारण सायकल आली होती. पाठोपाठ मोटार आली. १८९५ मध्ये मिशेलिन बंधूंनी पॅरिस-बोर्दो-पॅरिस या शर्यतीत हवेच्या टायरवर मोटार उतरवली. वाटेत इतक्या वेळा पंक्चर झाले की ते मागे पडले, पण मोटार हवेवर धावू शकते हे लोकांनी पाहिले.

भरीव टायर लगेच संपला नाही. पहिल्या महायुद्धात आघाडीवर रसद नेणाऱ्या कितीतरी लॉऱ्या भरीव रबरावरच चालत होत्या. त्यांना पंक्चर होत नसे, पण त्या सावकाश जात आणि रस्ता व ड्रायव्हर या दोघांचेही हाल करत. भरीव रबराचा खरा शत्रू उष्णता. प्रत्येक फेऱ्यात रबर दबते आणि सुटते. दबताना घेतलेली शक्ती ते हवेसारखी सगळी परत देत नाही, थोडी आतच उष्णता होऊन राहते. वेग कमी असेल तर ती उष्णता निघून जाते. वेग वाढला की साठते आणि जाड रबर आतून खराब होऊ लागते. त्यामुळे आजही भरीव टायर दिसतो तो गोदामातल्या फोर्कलिफ्टला किंवा रणगाड्याच्या साखळीआतल्या चाकांना. बाकी सगळीकडे हवा जिंकली.

आता जे नवे बिनहवेचे टायर निघाले आहेत, ते थॉमसनच्या अर्थाने भरीव नाहीत. मिशेलिनने २००५ मध्ये दाखवलेल्या ट्वील या चाकात मधला भाग आणि बाहेरची पट्टी यांच्यामध्ये वाकणाऱ्या आऱ्या आहेत. हवेचे काम त्या आऱ्या करतात. मोठ्या वेगाला त्याचा आवाज आणि कंप हा त्रास होता, म्हणून ते चाक लागले ते छोट्या लोडरना आणि गवत कापायच्या यंत्रांना. २०१९ मध्ये त्याच कंपनीने जनरल मोटर्सबरोबर मोटारींसाठी अप्टिस नावाचा टायर जाहीर केला आणि पुढे काही डिलिव्हरी व्हॅनवर त्याच्या चाचण्या झाल्या. चंद्रावर १९७१ मध्ये जी गाडी चालली, तिची चाके तर पोलादी तारांच्या जाळीची होती. तिथे हवा भरायला दुकान नाही.

हे सगळे गोळा केले तेव्हा माझ्याकडे समर्थनाचे मुद्दे होते आणि विरोधाचेही. मग रविवारच्या फोनच्या वेळात मी बाबांना विचारले. फोन दहा मिनिटांचा असतो, त्यातली आठ मिनिटे टायरवर गेली. त्यांनी आधी सैन्यातले सांगितले. राजस्थानात वाळू लागली की ते गाडीच्या टायरची हवा उतरवत. टायर पसरतो आणि गाडी रुतत नाही. डांबरी रस्ता आला की पुन्हा हवा भरायची. एकच चाक वाळूसाठी वेगळे आणि रस्त्यासाठी वेगळे करता येते ते हवेमुळे, बिनहवेच्या चाकाला हे कसे जमणार, असा त्यांचा सवाल होता. दुसरे त्यांनी सांगितले ते रन-फ्लॅट टायरचे. काही लष्करी गाड्यांच्या टायरमध्ये आत रिमवर एक भरीव कडे असते. गोळी लागून हवा गेली तरी गाडी त्या कड्यावर, वेग कमी ठेवून, धोक्याच्या जागेतून बाहेर पडते. हे ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे थॉमसनची दोन्ही चाके आली. बाहेर १८४५ चे आणि आत १८६७ चे.

शेवटी मी जे विचारायला फोन केला होता ते विचारले. असे टायर खरेच आले तर दुकानाचे काय? बाबा म्हणाले की ते अर्धे येऊनच गेले आहे. ट्यूबलेस टायर आल्यापासून मोटारीच्या पंक्चरचे काम निम्म्यावर आले. खिळा घुसला तरी लोक चार दिवस तशीच गाडी चालवतात. म्हणूनच त्यांनी दोन वर्षांपूर्वी कर्ज काढून टायर बदलण्याचे यंत्र घेतले. त्याचे हप्ते अजून चालू आहेत. हे यंत्र आले हे मला माहीत होते, कर्जाचे नव्हते. ट्रकचे काम मात्र अजून आहे, असे म्हणून त्यांनी माझ्या गणिताच्या मार्कांची चौकशी केली आणि वेळ संपली.

वादविवादात आम्ही हरलो. मी समर्थनाच्या बाजूने उभा राहून सहापैकी चार मिनिटे थॉमसनवर बोललो आणि त्यात हवेच्या चाकाचे आकडे इतक्या जोराने सांगितले की परीक्षकांना मी कोणत्या बाजूने आहे हेच कळेना. माझ्या हाउस कॅप्टनने नंतर मला जे सुनावले ते इथे लिहिण्यासारखे नाही. मला विचाराल तर हलक्या, ठरलेल्या मार्गावरच्या शहरी गाड्यांना बिनहवेचे टायर येतील असे वाटते. उसाच्या ट्रॉलीला आणि लेहला रसद नेणाऱ्या ट्रकला इतक्यात नाही. असे मधले उत्तर देणाऱ्याला वादविवादात गुण मिळत नाहीत.

दिवाळीच्या सुट्टीत मी थॉमसनच्या १८४७ च्या चाकाचे चित्र वहीत काढून घरी नेले. स्टोनहेवनला त्याच्या नावाची पाटी आहे आणि दर वर्षी जूनमध्ये जुन्या मोटारी त्याच्या आठवणीसाठी तिथे जमतात, हेही बाबांना सांगितले. त्यांनी चष्मा लावून चित्र बराच वेळ पाहिले. गावाचे आणि मोटारींचे त्यांना विशेष वाटले नाही. चामड्याच्या कवचावरच्या बोल्टवर त्यांनी बोट ठेवले आणि एवढे बोल्ट काढून पंक्चर काढायचे तर एका चाकाला किती वेळ लागत असेल, असे स्वतःशीच म्हणत ते बोल्ट मोजू लागले. वीसपर्यंत आले होते, तेवढ्यात बाहेर एक ट्रक येऊन थांबला. मागच्या जोडीतला आतला टायर बसला होता. बाबांनी वही मला परत दिली आणि जॅक काढायला सांगितला.